ढगांचा आणि तुमच्या ब्रॉडबँडचा संबंध नाही

वळवाचा पाऊस सुरू झाला की सोलापुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. त्यात चार दावे असतात: नेट उपग्रहावरून येतं, म्हणून ढग आले की स्पीड पडतो, 100 एमबीपीएसच्या प्लॅनला सेकंदाला 100 एमबी मिळाले नाहीत तर कंपनीने फसवलं, राउटर रोज रात्री बंद केला की साठलेला डेटा निघून जातो, आणि इन्कॉग्निटोत (ब्राउझरच्या खासगी खिडकीत) काय पाहिलं ते कुणालाच कळत नाही.

पहिल्या दाव्याचं मूळ टीव्हीच्या डिशमध्ये आहे. डिशचा सिग्नल सुमारे 36 हजार किलोमीटरवरच्या उपग्रहावरून येतो आणि मुसळधार पावसाचे थेंब तो शोषतात, म्हणून चित्र फुटतं. घरचं ब्रॉडबँड मात्र काचेच्या तंतूतून (फायबर), जमिनीवरून येतं. परदेशातला डेटाही समुद्राखालच्या केबलमधून मुंबई, चेन्नई, कोची इथे किनाऱ्याला लागतो. पडताळा सोपा आहे. स्पीड टेस्टमध्ये मुंबईचा सर्व्हर निवडा आणि पिंग, म्हणजे डेटाला जाऊन परत यायला लागणारा वेळ, बघा. डेटा डिशच्या उपग्रहाच्या उंचीवरून जाऊन-येऊन करत असता तर प्रकाशाच्या वेगानेही किमान 477 मिलिसेकंद लागले असते. चांगल्या फायबरवर आकडा दोन अंकीच दिसतो. (खालच्या कक्षेतल्या उपग्रहांची सेवा वेगळी, पण ती घेतली असेल तर गच्चीवर तिची थाळी असेलच.)

मग पावसात नेट जातं कशाने? बहुतेकदा विजेने. तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी भागातल्या कंपनीच्या यंत्राची बॅटरी संपली की सगळी गल्ली बंद. दुसरं कारण खांबावरून ओढलेली केबल: वाऱ्याने फांदी पडते, केबल ताणली जाते, कनेक्टर सैल होतो. ओएनटीवर, म्हणजे फायबर घरात ज्या डब्याला जोडलेली असते त्यावर, ‘लॉस’चा (LOS) दिवा लाल असेल तर प्रकाश घरापर्यंत पोचतच नाही, राउटर कितीही वेळा रीसेट केला तरी उपयोग शून्य, थेट तक्रार नोंदवा. कंपनीशी जोडणी दाखवणारा पॉनचा (PON) दिवा हिरवा स्थिर असूनही नेट नसेल तर घरापर्यंतची फायबर ठीक आहे, बिघाड दुसरीकडे आहे. माणूस दुरुस्तीला आला की त्याला ऑप्टिकल पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, किती ते विचारा. ती डीबीएम या एककात मोजतात. उणे 20 च्या आसपास असेल तर ठीक, उणे 27 डीबीएमच्या पलीकडे गेली की लाइन तुटत राहते. भिंतीच्या कोपऱ्यात केबल काटकोनात मुडपून खिळा ठोकला असेल, तर प्रकाश तिथेच गळतो. मोबाइलच्या बाबतीत दाव्यात थोडं तथ्य आहे, कारण काही टॉवर एकमेकांना मायक्रोवेव्ह लहरींनी, म्हणजे बिनतारी जोडलेले असतात आणि जोराच्या पावसात ती जोडणी कमकुवत होते. त्यातही उपग्रह नाहीच.

दुसरा दावा बिट आणि बाइटच्या गोंधळाचा. प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात, फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात. 8 बिटांचा 1 बाइट. म्हणजे 100 एमबीपीएसच्या प्लॅनला सेकंदाला जास्तीत जास्त 12.5 एमबी, आणि 1 जीबीच्या फाइलला किमान 80 सेकंद. फसवणूक तपासायचीच असेल तर लॅपटॉप लॅन केबलने जोडून टेस्ट करा. 200 चा प्लॅन असून आकडा 94-95 वर अडकला, तर केबलच्या आठपैकी एखादी तार तुटलीय किंवा पोर्टच 100 चा आहे. केबलवर पूर्ण आणि वायफायवर कमी येत असेल तर दोष घरात शोधा. वायफायचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण जुन्या पेठांतल्या जाड दगडी भिंतीपलीकडे फार टिकत नाही. पत्र्याचं पार्टिशन तर कुठलाच सिग्नल धड जाऊ देत नाही. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, पण दाट वस्तीत शेजाऱ्यांचे राउटरही तिथेच असतात. त्या पट्ट्यातल्या 1, 6, 11 यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडा.

तिसरा: राउटरमध्ये तुमचा डेटा साठतच नाही. बंद-चालू केल्याने अडकलेली मेमरी मोकळी होते, एवढंच. रोज तशी वेळ येत असेल तर अडॅप्टर किंवा उष्णता बघा. बहुतेक घरगुती राउटर 40 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. सोलापूरचा मे महिना तो आकडा बाहेरच ओलांडतो, आणि राउटर टीव्हीच्या बंद कपाटात सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर! आधी तो बाहेर काढा.

चौथा: इन्कॉग्निटो बंद केल्यावर फक्त त्या वेळची फोनमधली हिस्ट्री आणि कुकीज (साइटनी ठेवलेल्या खुणा) जातात. कुठल्या साइटवर गेलात ते नेट कंपनीला किंवा ऑफिसच्या वायफायवाल्यांना दिसू शकतं, लॉगिन केलंत तर त्या साइटलाही कळतं. डाउनलोड केलेली फाइल तर फोनमध्ये तशीच राहते.