परदेशातून : अकरा मात्रांचा रॉक आणि आपला फ्युजनचा वाद

अभंगामागे ड्रमसेट आणि इलेक्ट्रिक गिटार वाजावी की नाही, हा वाद महाराष्ट्रात अधूनमधून पुन्हा पेटतो. टाळ-पखवाजाच्या जागी ही वाद्ये आली की अभंगाचा भाव हरवतो, असे एका बाजूचे म्हणणे असते. तरुण श्रोता टिकवायचा तर काळाबरोबर चालायला हवे, असे दुसरी बाजू म्हणते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत बरीच वर्षे राहिल्यामुळे असेल, पण मला दोन्ही पक्ष वाद्यांची यादीच तपासताना दिसतात. ती वाजवणारी माणसे एकमेकांकडून काय आणि किती काळ शिकली, हे मात्र कोणीच विचारत नाही.

हे मत बनायला इथलाच एक रॉक बँड कारणीभूत आहे. 1965 साली पालो अल्टोच्या परिसरात उभा राहिलेला ‘ग्रेटफुल डेड’ हा ‘जॅम बँड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परंपरेचा मूळपुरुष मानला जातो, म्हणजे गाण्याचा मुखडा कायम ठेवून रंगमंचावर ते वीस-वीस मिनिटे फुलवत नेणारा. त्यातला गिटारवादक जेरी गार्सिया मुळात बँजो वाजवणारा, ब्लूग्रास हे अमेरिकी ग्रामीण संगीत आणि जुनी लोकगीते यांत मुरलेला होता, त्यामुळे अमेरिकेच्या मातीतले संगीत या बँडमध्ये पहिल्यापासूनच होते. तालाची बाजू बदलली ती 1967 मध्ये, मिकी हार्ट हा दुसरा ड्रमवादक आल्यावर. त्याच सुमारास हार्ट यांची भेट पंडित रविशंकरांच्या साथीला आलेले तबलावादक उस्ताद अल्लारखाँ यांच्याशी झाली आणि ते त्यांच्याकडून शिकू लागले. 1969 च्या ‘लाइव्ह/डेड’ या ध्वनिमुद्रिकेतले ‘द इलेव्हन’ ऐकताना बोटांवर मोजून पाहावे : तीन, तीन, तीन आणि दोन, अशा अकरा मात्रांचे आवर्तन आहे. आपल्या तबलजींना अकरा मात्रांचा रुद्र ताल नवा नाही. पण चार-चार मात्रांच्या ठेक्यावर वाढलेल्या रॉकवादकांनी अकराची सम अशी अंगात भिनवावी की तिच्यावर मोकळेपणाने गिटार खेळू शकेल, ही गोष्ट तालमीवाचून होत नाही.

त्या तालमीची जागाही माझ्या घरापासून फार दूर नाही. उस्ताद अली अकबर खाँ यांनी 1967 साली बर्कलीत सुरू केलेले संगीत महाविद्यालय पुढे मरीनमध्ये सॅन राफेलला आले. माहीमला वाढलेले झाकिर हुसेन तिथे शिकवू लागले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन ‘तालवाद्य रिदम बँड’ उभा केला. हार्ट त्यात सामील झाले, त्याचा ‘डिगा रिदम बँड’ झाला आणि 1976 मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यातल्या एका रचनेतून पुढे ‘ग्रेटफुल डेड’चे ‘फायर ऑन द माउंटन’ घडले. 1991 च्या ‘प्लॅनेट ड्रम’मध्ये हार्ट आणि झाकिरभाईंसोबत विक्कू विनायकराम यांचा घटम होता, नायजेरियाचे बाबातुंदे ओलातुंजी आणि सिकिरू आडेपोजू होते, ब्राझीलचे आयर्तो मोरेरा होते. आडेपोजूंचा बोलका ढोल काखेत धरलेला असतो. दोन्ही तोंडांमधल्या दोऱ्या कोपराने आवळल्या की सूर चढतो, सैल सोडल्या की उतरतो. त्याच्या शेजारी तबल्यातल्या डग्ग्याचा घुमारा ऐकला की दोन खंडांतली ही वाद्ये एकमेकांना किती सहज ओळखतात हे कानाला कळते. वर्ल्ड म्युझिकच्या अल्बमसाठीचे पहिले ग्रॅमी या मुद्रिकेला मिळाले. ही साथ झाकिरभाईंचे डिसेंबर 2024 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निधन होईपर्यंत, म्हणजे जवळपास अर्धशतक टिकली.

म्हणून इथले सारेच आदर्श आहे असे मी म्हणणार नाही. ‘ग्रेटफुल डेड’च्या मैफलीतला केवळ तालवाद्यांचा भाग सुरू झाला की कित्येक श्रोते पाणी प्यायला उठत, आणि जगभरचे वादक एकत्र आले तरी अमेरिकी बाजारात पुढे नाव राहते ते अमेरिकी वादकाचेच.

शिवाय अशी मुरलेली सरमिसळ शिकायला आपल्याला समुद्र ओलांडायची गरजच नव्हती. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत परदेशी ऑर्गनच्या जोडीला अहमदजान थिरकवाँचा तबला कित्येक वर्षे वाजत होता, आणि त्या सहवासातून जे नाट्यसंगीत घडले ते आज आपण अस्सल मराठी म्हणून मिरवतो. याउलट 1940 पासून जवळपास तीन दशके आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी घातली होती. त्या काळात घरोघरच्या भजनांत पेटी वाजतच राहिली. वाद्याच्या जन्मगावावरून निकाल देण्याचा प्रयोग आपण एकदा करून पाहिलेला आहे.

नव्याची बाजू घेणाऱ्यांवर माझा राग याहून अधिक आहे. महाराष्ट्रातून इकडे येणाऱ्या फ्युजनच्या कार्यक्रमांत गायक आणि संगीतसंयोजक यांची नावे पत्रकावर ठळक असतात, पण ज्याच्या हलगीवर किंवा संबळावर सभागृह उभे राहते तो माणूस ‘साथसंगत’ या एका शब्दात संपतो. त्याला ड्रमवादकासोबत दोन-चार तालमी मिळतात, मग तो बिचारा चारच्या ठेक्यात आपले बोल कसेबसे बसवतो, आणि गोंधळात संबळाची जी लय हळूहळू चढत जाते तिला पाच मिनिटांच्या गाण्यात जागाच उरत नाही. हार्ट आधी अल्लारखाँचे शिष्य झाले. आपल्याकडे किती गिटारवादक एखाद्या गोंधळ्याच्या पायाशी बसले आहेत?

अमेरिकेतल्या मराठी मंडळांना यात करता येण्यासारखे पुष्कळ आहे. एका संध्याकाळच्या कार्यक्रमाला जो खर्च येतो, त्यात थोडी भर घालून एखाद्या हलगीवादकाला महिनाभर बोलवावे, शनिवारी त्याने आपल्या मुलांना शिकवावे, इतर दिवशी इथल्या ड्रमवादकांसोबत बसावे, त्याचे मानधन गायकाइतके असावे आणि नाव पत्रकाच्या पहिल्या ओळीत असावे. अभंगामागे ड्रमसेट हवा की नको, हे त्या महिन्यानंतर त्या वादकांनाच ठरवू द्यावे.