‘तिथे कोणी चोरी करत नाही’ म्हणे

आमच्या भावंडांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात व्हिडिओ गेमच्या पायरसीवरून चांगलीच जुंपली. एकाने चिप मारलेला, म्हणजे चोरीचे गेम चालवणारा कन्सोल घेतल्याचं मिरवलं. त्यावर दादाने निकालच दिला: ‘आपल्या लोकांच्या रक्तातच चोरी आहे. जपानमध्ये बघा, कोणी असलं करत नाही.’ आणि खाली मला टॅग केलं. मी जपानात राहतो, म्हणजे मी आपोआप साक्षीदार!

साक्षच द्यायची तर देतो. ‘आर-फोर’ नावाचं कार्ड होतं. त्यात इंटरनेटवरून उतरवलेले गेम भरून ते निन्टेन्डो डीएस या हातातल्या कन्सोलमध्ये घातलं की झालं. ते आयात करायला आणि विकायला बंदी घालून घेण्यासाठी निन्टेन्डो आणि पन्नासावर गेम कंपन्यांना टोकियोच्या कोर्टात जावं लागलं. निकाल लागला २००९ मध्ये. पुढे २०१८ मध्ये कायदा आणखी कडक केला. २०२५ च्या जानेवारीत निन्टेन्डोच्याच स्विच या कन्सोलच्या बोर्डात फेरफार करून विकणाऱ्या एकाला इथल्या कोची जिल्ह्याच्या पोलिसांनी अटक केली. रक्त एवढं शुद्ध असेल तर हा सगळा खटाटोप कुणासाठी?

दादाला खरं म्हणजे वेगळीच गोष्ट दिसत असावी. माझ्या स्टेशनासमोरच्या गेओ या दुकानात वापरलेल्या गेमची भिंतभर कपाटं आहेत. खेळून झालेला गेम विकायचा, दुसरा घ्यायचा. तेही कंपन्यांना नको होतं. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये जुने गेम विकायला हरकत नाही असं सांगितलं, म्हणून ती कपाटं आहेत. इथल्या पोरांना गेम स्वस्तात मिळतो, म्हणून ती सज्जन. मी तरी इतकंच म्हणेन.

बरं, कन्सोलवर फक्त अस्सल गेम चालावा म्हणून कंपन्या कुलपं घालतात, ती फोडली कुणी? २०१० च्या डिसेंबरमध्ये बर्लिनच्या हॅकर परिषदेत ‘फेलओव्हरफ्लो’ या गटाने प्लेस्टेशन ३ चं पितळ उघडं पाडलं. प्रोग्राम कंपनीचाच आहे याची खूण म्हणजे डिजिटल सही. अशा प्रत्येक सहीसाठी नवा यादृच्छिक आकडा वापरायचा असतो, सोनीने दर वेळी तोच वापरला होता. दोन सह्या शेजारी ठेवल्या की शाळेतल्या बीजगणिताने गुप्त किल्ली हातात. स्विचचं तर आणखी वाईट. मशीन सुरू होताना सर्वात आधी चालणारा कोड चिपमध्येच कोरलेला असतो, तो नंतर बदलता येत नाही. रिकव्हरी मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी ठेवलेल्या वाटेने, यूएसबीवरून आलेली मागणी किती लांबीची आहे हे तो कोड तपासतच नव्हता, म्हणून तिथून हवा तो प्रोग्राम आत घुसवता यायचा. अमेरिकेतल्या केट टेमकिन यांनी २०१८ च्या एप्रिलमध्ये ते जाहीर केलं. त्या मोडमध्ये शिरायला उजव्या जॉय-कॉनच्या, म्हणजे बाजूच्या कंट्रोलरच्या, खाचेतली एक पिन तारेच्या तुकड्याने जोडायची, एवढाच सोपस्कार. तोवर पावणेदोन कोटींच्या वर स्विच विकले गेले होते. निन्टेन्डोने पुढच्या मशिनांत सुधारलेली चिप घातली. आधीची मशीनं कायमची उघडी राहिली.

यात मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, आपला लॅमिंग्टन रोड, कुठे आला? आपण तर नुसते गिऱ्हाईक.

आणि हे काम मुळातच अवघड आहे. सावकाराने आपली तिजोरी किल्लीसकट कर्जदाराच्या घरात ठेवावी आणि ती त्याने उघडू नये म्हणून रात्रभर जागावं, तसं. बँकेचा सर्व्हर बँकेच्या ताब्यात असतो. कन्सोल मात्र ज्याच्यापासून जपायचा त्याच्याच टेबलावर पडलेला असतो, आणि त्याच्याकडे सोल्डरिंग गन आणि भरपूर रविवार असतात. मायक्रोसॉफ्टला हे पोळल्यावर समजलं. २०१३ च्या एक्सबॉक्स वनमध्ये त्यांनी किल्ल्या मुख्य चिपच्या बाहेर जाणारच नाहीत अशी रचना केली, आणि पुढे थोडक्या पैशांत स्वतःचे प्रोग्राम चालवायला एक अधिकृत दारही उघडून दिलं. हौशी मंडळींना भिंत फोडायचं कारणच उरलं नाही. चोरीचे गेम त्यावर दहा वर्षं उलटली तरी चालले नाहीत.

भारतात दार कुठाय? स्विच आपल्याकडे अधिकृतपणे कधी आलाच नाही. प्लेस्टेशन ५ चा मोठा गेम चार हजार नऊशे नव्व्याण्णवला. आमच्या सांगलीच्या घरातला ‘व्हिडिओ गेम’ हा निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची सरळ नक्कल होता, हे मला टोकियोच्या अकिहाबारा बाजारात लाल-पांढरा अस्सल नग बघून कळलं. त्या जपानी मशीनमध्ये कुलपाची चिपच नव्हती. ती अमेरिकेला पाठवलेल्या मशीनमध्ये आली. ‘९९९९ इन १’ची पिवळी कॅसेट आम्ही सुट्टीभर घासली, त्यात खरे गेम असतील दहा-बारा. कॅसेट दादाच्याच घरून यायची, हे मी ग्रुपवर लिहिलेलं नाही. वहिनीपण आहेत तिथे.

चिपवाल्याने मिरवावं असंही मला वाटत नाही. नोकरी आहे, गाडी आहे, तरी गेम फुकट हवा. याचा रागच येतो. पण ‘आपले लोक’ म्हणताना दादा मला त्यातून अलगद बाहेर काढतो, आणि मला ते पुरेसं खुपत नाही. सुट्टीत घरी गेलो की हॉर्न, रांगा, कचरा यांवर मीही हेच वाक्य जरा मऊ करून बोलतो.

२०२५ मध्ये स्विच २ विकत घ्यायच्या लॉटरीत माझा नंबर लागला. इथे त्याची दोन मॉडेल निघाली. फक्त जपानी भाषेतलं तेव्हा ४९,९८० येनला होतं, आणि त्याला जपानमध्ये नोंदवलेलंच खातं चालतं. सर्व भाषांचं ६९,९८० ला. स्वस्त मशीन देशाबाहेर जाऊ नये म्हणून केलेली ही सोय. माझं खातं जपानचंच आहे, जपानी ऑफिसात चालते तेवढी येते. तरी वीस हजार जास्त मोजले. ऑफिसातल्या ओनो-सानने कारण विचारलं, तर म्हटलं, पुढेमागे भाच्याला द्यायचाय.

भाच्याने मागितलेला नाही. तो दिवसभर मोबाइलवर खेळतो, फुकट.