आठ जीबीतला संसार

थिन क्लायंट हा मुळात सर्व्हरच्या जिवावर जगणारा संगणक. डोकं सर्व्हरने चालवायचं, याने पडद्यावर दाखवायचं. म्हणून पोटात २ जीबी रॅम आणि सामान साठवायला ८ जीबी फ्लॅश, बस्स. ऑफिसं हे डबे भंगारात काढतात आणि आमच्यासारखे लोक पुण्याच्या तपकीर गल्लीतून ते कौतुकाने घरी आणतात. पंखा नाही, घरघर नाही. आमच्या घरात आवाज न करणारं दुसरं काहीच नसल्यामुळे मी या एका गुणावर भाळलो.

आत जुनं एम्बेडेड विंडोज, म्हणजे अशा खास यंत्रांसाठीचं विंडोज होतं. मराठी कीबोर्ड टाकला, ब्राउझर टाकला, वॉलपेपरला गणपती लावला. रीस्टार्ट केल्यावर सगळं गायब. गणपतीसुद्धा! ही करामत राइट फिल्टरची. तुम्ही जे लिहाल ते फ्लॅशवर न जाता रॅममध्ये राहतं आणि यंत्र बंद झालं की पुसलं जातं. ऑफिसात ठीक आहे. कुणी दिवसभर काहीही उद्योग करून ठेवले तरी सकाळी यंत्र पुन्हा सोवळ्यात. मी फिल्टर बंद केला. आता टाकलेलं टिकणार होतं, फक्त टाकायला जागा उरलेली नव्हती.

मग विंडोज पुसून डेबियन, म्हणजे फुकट मिळणारं एक लिनक्स. नुसता काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर एवढ्यावर समाधान मानलं तर भरपूर जागा उरते. पण घरच्यांना चित्रं दिसावी लागतात. इथे लग्नपत्रिकेतलं ‘सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह’ आठवावं. डेबियनमध्ये प्रत्येक सॉफ्टवेअरची अशीच तीन वर्तुळं असतात: ज्यांच्याशिवाय चालत नाही ते, ज्यांची शिफारस आहे ते, आणि नुसते सुचवलेले. पहिली दोन न विचारता पंगतीला बसतात. मी फक्त पीडीएफ उघडणारं काहीतरी मागितलं, तर मागोमाग कुठल्या कुठल्या लायब्रऱ्या, फॉन्ट आणि आयकॉनचे गठ्ठे उतरायला लागले. शिफारशी बंद करायचा पर्याय असतो. तो वापरला की जागा वाचते, पण मग आवाज येत नाही किंवा प्रिंटर ओळख दाखवत नाही.

शिवाय ही मंडळी आधी गाठोड्यात येतात, मग गाठोडं सुटतं, आणि तोवर दोन्हींना जागा लागते. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अपडेट झाला तरी जुना कर्नल वेळेला असावा म्हणून तिथेच. मी मदतीची पानं उडवली, परक्या भाषांची भाषांतरं उडवली. शेवटी स्वॅपवर, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायला फ्लॅशवर राखून ठेवलेल्या जागेवर, डोळा गेला. पण २ जीबी रॅममध्ये ब्राउझरचे चार टॅब उघडायचे तर स्वॅपला हात लावता येत नाही.

माझी ही झाडलोट बायको बराच वेळ बघत होती.

“अरे, तो पेनड्राइव्ह किती जीबीचा आहे?”

“चौसष्ट. त्याच्यावरूनच तर इन्स्टॉल करतोय.”

“मग सगळं त्याच्यावरच का नाही टाकत?”

पेनड्राइव्हवरून संगणक चालवणं तत्त्वात बसत नाही, असं मी तिला सांगितलं. आठ जीबीत ते तत्त्व मात्र व्यवस्थित बसलं होतं.