ब्लेस तिघांनाच लागतो

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून गोष्ट रंगवायच्या खेळात क्लेरिक, म्हणजे देवाच्या नावाने जादू करणारा पुजारी, व्हायला कोणी तयार नसतं, आणि क्लेरिकशिवाय कोणी खेळायलाही तयार नसतं. त्यामुळे कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, रविवारी दुपारी, शेजारच्या काकांची वामकुक्षी न मोडता (फासे टॉवेलवरच टाकायचे!) ते काम माझ्या गळ्यात पडतं.

काम काय, तर जादू वाटणे. पहिल्या लेव्हलचा स्लॉट (जादूच्या मोजक्या कोट्यातला एक) खर्चून टाकलेला ब्लेस ३० फुटांतल्या तिघांना लागतो: अटॅक किंवा सेव्हचा (संकटातून वाचायचा) फासा टाकला की त्यात एक डी-फोर, म्हणजे चार बाजूंचा फासा, मिळवायचा. पार्टीत आम्ही पाच. त्या तिघांत मी आधी स्वतःला धरतो. लगेच सगळ्यांच्या भुवया वर. पण ब्लेस टिकतो माझ्या कॉन्सन्ट्रेशनवर, आणि ते एका वेळी एकाच जादूवर धरता येतं. मला फटका बसला की ते टिकवायला कॉन्स्टिट्यूशन (चिवटपणा) सेव्ह. गाठायचा आकडा १० किंवा डॅमेजच्या (झालेल्या इजेच्या) निम्मा, जो मोठा तो. तिथे माझाच डी-फोर मला वाचवतो. मी हुकलो तर तिघांचाही ब्लेस गेला. चौथ्याला हवा असेल तर दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट घालवा.

बरं, फुकटचं लक्षात कोण ठेवतो? फायटर (पार्टीतला लढवय्या) फाशावर बारा टाकतो, "हुकलं" म्हणून चहा ओतून घेतो आणि दोन टर्नांनी ओरडतो, "अरे, माझ्यावर ब्लेस होता ना!" म्हणून मी प्रत्येकाच्या शीटवर खराखुरा डी-फोर ठेवतो आणि मधोमध पाटी: "ब्लेस फक्त अटॅक व सेव्हसाठी. डॅमेजमध्ये मिळवू नये. आठवण करून दिली जाणार नाही." रोगला, म्हणजे पार्टीतल्या चोराला, पाट्या लागू नसतात. भर लढाईत तो कुलपापाशी उकिडवा बसून गायडन्स ही मदतीची जादू मागतो. गायडन्सलाही कॉन्सन्ट्रेशन लागतं. एका कुलपापायी तिघांचा ब्लेस जायचा.

खरा छळ वॉर्डिंग बाँडचा, म्हणजे मी फायटरला स्वतःशी बांधून घेतो त्या जादूचा. याला कॉन्सन्ट्रेशन नको, म्हणून ब्लेसबरोबर खुशाल चालेल असं वाटतं. फायटरचा एसी (त्याला फटका लागायला शत्रूने गाठायचा आकडा) आणि सेव्ह १ने वाढतात, डॅमेज निम्मं होतं, आणि त्याला जेवढं लागेल तेवढंच मला. ट्रोल या राक्षसाचा १४चा पंजा बसला की ७ त्याला, ७ मला, वर माझा सेव्ह. ट्रोल एका टर्नमध्ये तीनदा मारतो. मी खांबाआड असलो तरी सुटका नाही. दोघांत ६० फुटांहून जास्त अंतर पडलं तर बाँड तुटतो. पण हा ट्रोलसमोरून हलेल तर ना!

शिवाय दोन प्लॅटिनमच्या अंगठ्या लागतात, प्रत्येकी किमान ५० सोन्याच्या नाण्यांची. मिसळीच्या बिलात एक्स्ट्रा पावाचंही टीटीएमएम करणारा फायटर यावर म्हणतो, "तू देवाचा माणूस, तुला सवलतीत मिळतील."