गरिबी हटवायचा पैसा पहारेकऱ्याला

गेले काही दिवस एक मेसेज ग्रुपांवर फिरतोय. आशय असा: युरोप आफ्रिकेला मदत द्यायचा, ती तिथले पुढारी खायचे. मग तोच पैसा सीमा राखायला दिला. लोंढे थांबले, समुद्रात बुडणारी माणसं वाचली. मला तो चार जणांनी पाठवला. त्यातले दोघं चांगले विचारी आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

'लोंढे थांबले' हे वाक्य आधी घेऊ, कारण त्यात थोडं तथ्य आहे. २०१५च्या नोव्हेंबरात माल्टातल्या व्हॅलेटा परिषदेत युरोपीय संघाने आफ्रिकेसाठी एक आपत्कालीन निधी उभारला. पुढे तो सुमारे ५ अब्ज युरोंवर गेला आणि त्यातला बहुतेक पैसा विकासमदतीच्या खात्यातला होता. लोंढे रोखायच्या युरोपच्या या मोहिमेत नायजर हा लाडका भिडू, कारण पश्चिम आफ्रिकेतून लिबियाला आणि तिथून समुद्रमार्गे युरोपला जाणारी वाट या देशातून जाते. तिथे २०१५ सालीच माणसांची ने-आण गुन्हा ठरवणारा कायदा झाला आणि २०१६पासून तो कडकपणे राबवला गेला. नायजरमधून उत्तरेकडे जाणारे लोक २०१६ साली ३ लाखांहून जास्त मोजले गेले, पुढच्या वर्षी त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. मेसेजवाले इथेच थांबतात.

पण मोजणी होत होती ठरलेल्या नाक्यांवर! अगादेझ हे नायजरमधलं, सहारा वाळवंटाच्या तोंडावरचं जुनं शहर. तिथून दर आठवड्याला टोयोटा हायलक्सचा ताफा लष्कराच्या सोबतीने निघायचा. मागच्या हौद्यात पंचवीस-तीस माणसं, कडेची माणसं दोन पायांत काठी घट्ट धरून, पाय बाहेर सोडून बसलेली. बाजूला गोणपाटात गुंडाळलेले पाण्याचे कॅन. हा उघड धंदा होता. ड्रायव्हर कर भरत होते आणि पश्चिम आफ्रिकी देशांच्या करारामुळे बहुतेक प्रवाशांना नायजरपर्यंत येण्याची मुभाच होती. कायद्याने गाड्या जप्त झाल्या, ड्रायव्हर तुरुंगात गेले. उरलेले रात्री निघू लागले, विहिरी आणि नाके टाळून. गाडी बिघडली किंवा गस्त दिसली की माणसांना वाळूत सोडून पळू लागले. पर्यायी धंद्यासाठी मदत देऊ म्हणून हजारोंनी अर्ज भरले, मिळाली काहीशे जणांना. शेवटी जुलै २०२३मध्ये बंड झालं आणि नोव्हेंबरात लष्करी राजवटीने तो कायदाच रद्द केला. आठ वर्षांची ही नाकेबंदी एका सहीने उठली. त्याच २०२३ साली इटलीच्या किनाऱ्यावर दीड लाखांहून जास्त लोक उतरले, बरेचसे ट्युनिशियाहून. वाट बंद झाली नव्हती, फक्त सरकली होती.

'माणसं वाचली' हा दावा मला सगळ्यात जास्त टोचतो. समुद्रातल्या मृत्यूंचा एकूण आकडा २०१८मध्ये घटला, हे खरं. कारण निघणारेच कमी झाले होते. पण लिबियाहून युरोपला पोचलेल्या दर ३८ माणसांमागे २०१७ साली एक बुडत होता, २०१८ साली दर १४ माणसांमागे एक. आणि परत ओढून नेलेल्यांचं काय? मार्च २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तपास पथकाने सांगितलं की लिबियातल्या कोठड्यांत स्थलांतरितांवर मानवतेविरुद्धचे गुन्हे झाले: छळ, बलात्कार, गुलामगिरी. समुद्रात पकडून त्यांना तिथे पोचवणाऱ्या लिबियन तटरक्षक दलाला बोटी आणि प्रशिक्षण पुरवत होता युरोपच. वाचलेली माणसं मोजताना ही माणसं कोणत्या रकान्यात धरायची?

'पुढारी खात होते' म्हणाल, तर खाणारे नुसते बदलले. लिबियातल्या झाविया शहराच्या तटरक्षक तुकडीच्या प्रमुखावरच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने जून २०१८मध्ये मानवी तस्करीबद्दल निर्बंध घातले.

एक गोष्ट मात्र मी मदतीच्या बाजूच्या लोकांनाही सांगेन. 'विकास केला की लोक घरीच राहतील' हेही बरोबर नाही. गाव सोडायला पैसा लागतो. अगदी गरीब देशात उत्पन्न वाढू लागलं की सुरुवातीला बाहेर पडणारे वाढतात, कमी होतात ते बरंच पुढे. मग मदत कशासाठी? पोराला लस मिळावी, विहिरीला पाणी लागावं म्हणून. आणि गेलेला माणूस घरी पैसे पाठवतो. मनीऑर्डरवर चाललेलं घर कोकणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मग सीमा उघड्या टाकायच्या का, असं विचारतात. नाही. सीमा राखणं हा कुठल्याही देशाचा हक्क आहे. पण तो खर्च आपल्या गृहखात्यातून करावा, संसदेत तसाच मांडावा. २०२२ साली ब्रिटनच्या विदेशी मदतीतले जवळपास २९ टक्के पैसे ब्रिटनमध्येच, निर्वासितांच्या हॉटेलांवर आणि सोयींवर गेले. माणसांना आसरा दिला हे चांगलंच, पण तो पैसा मदतीच्या खात्यातून वळवला आणि बाहेरच्या कामांना कात्री लागली. सीमेवरच्या पहाऱ्याचं बिलही त्याच खात्यात टाकलं, तर कात्री पुन्हा त्याच दवाखान्यांना आणि विहिरींना लागणार.