घाई कशाला, हंगाम तर आता कुठे सुरू होतोय!

किनाऱ्यावर राहणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की धरावी: समुद्र कॅलेंडर बघून चालतो. वादळांचा हंगाम अमुक तारखेला सुरू होतो असं कुठेतरी छापलेलं असतं. त्या तारखेच्या आगेमागे जे येईल ते हलकंफुलकंच असणार, याबद्दल शंका नको. हंगामातलं पहिलं वादळ म्हणजे नाटकाची पहिली घंटा. ती ऐकून धावत आत जाऊन बसतो तो नवखा.

यावर तारखा तोंडावर फेकणारे लोक भेटतीलच. २ मे २००८ ला नर्गिस वादळ म्यानमारच्या इरावतीच्या मुखाशी धडकलं आणि लाखाच्या वर माणसं गेली, असं ते सांगतील. ३ जून २०२० ला, मोसमी पाऊस महाराष्ट्रात पोहोचायच्या आधीच, ‘निसर्ग’ नावाचं वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, असंही सांगतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. ‘तो अपवाद होता हो’ म्हणा आणि विषय बदला. अपवाद दर दोन-चार वर्षांनी होत असला तरी तो अपवादच.

दुसरा मंत्र: वादळाचा दर्जा विचारा. इशारा ऐकला की पहिला प्रश्न हाच, ‘कितव्या श्रेणीचं?’ उत्तर लहान आलं की पंखा वाढवून झोपा. वाऱ्याच्या वेगावर ठरवलेल्या श्रेणीत पाऊस किती पडेल आणि समुद्राचं पाणी किती आत येईल हे मोजलेलंच नसतं. पण एवढ्या खोलात कोण शिरतो? जून २००१ मधलं ॲलिसन बघा. ते हरिकेनच्या, म्हणजे तिकडच्या तीव्र चक्रीवादळाच्या, पायरीवर कधी चढलंच नाही, नुसतं ‘उष्णकटिबंधीय वादळ’ राहिलं. टेक्सासमध्ये काही ठिकाणी त्याने १००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पाडला आणि ह्यूस्टन बुडवलं. तिथल्या रुग्णालयांच्या तळघरांत पाणी शिरलं, आणि विजेची महत्त्वाची यंत्रणा नेमकी तळघरातच होती. म्हणून तुम्हीही मीटर, इन्व्हर्टर आणि पाण्याच्या पंपाचा स्टार्टर जमिनीलगतच ठेवा. वाकून बटण दाबायला बरं पडतं.

नकाशावर वादळाच्या वाटेचा जो पंखा काढलेला असतो, त्याची कड तुमच्या गावाच्या जरा पलीकडून जात असेल तर अभिनंदन, तुम्ही सुटलात. तो पंखा फक्त वादळाचा मध्य कुठे जाईल एवढंच सांगतो, तो मध्यही तीनपैकी साधारण एकदा पंख्याबाहेर सटकतो, आणि पाऊस तर मध्यापासून शेकडो किलोमीटर लांबही पडतो. या बारीक अक्षरांकडे लक्ष देऊ नका. रेषेच्या बाहेर म्हणजे बाहेर.

आता घराकडे वळू. गच्चीवर जाऊ नका. गेलात तर कोपऱ्यातली पाणी जायची जाळी दिसेल. तिच्यावर वर्षभराची पानं वाळून कागदासारखी चिकटलेली असतात, वर कावळ्याने आणलेलं एखादं हाड, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, आणि शेजारच्या मुलाचा चेंडू बरोबर भोकात बसलेला, जणू मापाने घडवलेलं बूच. हात घालून हे काढायला फार तर दहा मिनिटं लागतील, पण नखांत घाण जाते. त्यापेक्षा गणित करा, गणितात हात स्वच्छ राहतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर एका रात्रीत शंभर मिलिमीटर पडला तर झाले दहा हजार लिटर, म्हणजे दहा टन. स्लॅबने एवढं उचलायला काय हरकत आहे? बिल्डरने ‘मजबूत बांधकाम’ असं पत्रकात लिहिलंच होतं.

जाळीचा विषय निघालाच आहे तर रस्त्याकडेच्या गटाराबद्दलही सांगतो. ते साफ करणं हे नगरपालिकेचं काम आहे आणि त्यात कचरा टाकणं हे आपलं. दोघांनी आपापली कामं सांभाळावीत.

टॉर्च मात्र असू द्या. तो खणात असतोच, मागच्या वर्षापासून, आत सेल घालून. उघडून तपासू नका. उघडलात तर सेलच्या टोकाला हिरवट-पांढरी पूड फुटलेली दिसेल आणि स्प्रिंग गंजून तुटेल. मोबाइल आहे की उजेडाला! तो संध्याकाळी बारा टक्क्यांवर आलेला असू दे. वादळात वीज जाते ही अफवा आहे. रोख पैसेही घरात ठेवू नका. वीज आणि नेटवर्क दोन्ही गेलं की दुकानदार तुमचा चेहरा स्कॅन करेल.

पाणी साठवायला सांगणाऱ्यांचं तर हसू येतं. म्हणे माणशी रोज चार लिटर, निदान तीन दिवसांचं. बाहेर आभाळ फाटलेलं असताना प्यायला पाणी नाही म्हणणारा वेडाच म्हटला पाहिजे. पूर आला की विहिरीत, टाकीत आणि नळात नक्की काय काय मिसळतं, ते पिऊन बघितल्यावर कळेलच. रक्तदाबाच्या गोळ्या शेवटची पट्टी संपेपर्यंत आणू नका. घराची कागदपत्रं पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, सगळ्यात खालच्या थरात राहू द्या. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहेत.

काचांना चिकटपट्टीची फुली मारा. याने काच फुटायची थांबत नाही, उलट फुटली तर मोठे धारदार तुकडे पडायची शक्यता वाढते. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, या घरात तयारी आहे. गच्चीवरचे पत्रे, कुंड्या, वाळत घातलेल्या सुट्ट्या फळ्या तशाच राहू द्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, तेव्हा पत्रा तुमच्या गच्चीवरून शेजाऱ्याच्या खिडकीत जाईल. जुन्या भांडणाचा निकालही लागेल.

‘घर सोडा’ असं सांगायला कोणी दारात आलं तर मोठ्या मनाने चहा विचारा आणि ठामपणे सांगा, ‘इतकी वर्षं राहतोय, इथपर्यंत पाणी कधी आलं नाही.’ हे वाक्य जगातल्या प्रत्येक किनाऱ्यावर म्हटलं जातं. अगदीच गळ्याशी आलं तर म्हणा, ‘सकाळी निघतो.’ जून १९५७ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानाच्या कॅमरन भागात पुष्कळांनी हेच ठरवलं होतं. रात्री दहाच्या सुमाराच्या बातमीपत्रात सखल भागातल्यांनी उंच जागी जावं असं सांगितलं गेलं. लोकांनी विचार केला, झोप काढू, उजाडल्यावर गाडी काढू. ऑड्री नावाचं ते वादळ रात्रीतून वेगाने पुढे सरकलं. सकाळी निघायची वेळ झाली तेव्हा रस्त्यावर समुद्र होता. चारशेहून जास्त माणसं मेली. यातून तुम्ही घ्यायचं ते एवढंच, की गजर जरा लवकरचा लावावा.

बांगलादेशाने मात्र या बाबतीत अगदीच रसभंग केलाय. १९७० च्या वादळात तिथे किमान तीन लाख लोक गेले. त्यानंतर त्यांनी गावोगावी स्वयंसेवक उभे केले. ते भोंगा घेऊन सायकलवरून फिरतात, झेंडे लावतात, म्हाताऱ्यांना उचलून निवाऱ्यात नेतात. २००७ मध्ये सिडर आलं, तेही भयंकर होतं, आणि मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला. कुणाची दुपारची झोप मोडायची म्हणजे मोडायचीच, असा त्यांचा खाक्या दिसतो.

घरीच थांबलात तर मधेच एकदम शांत होईल. वारा पडेल, कदाचित आभाळही उघडेल. लगेच बाहेर पडा, फोटो काढा, पडलेल्या फांदीवर पाय ठेवून सेल्फी घ्या. वादळाचा डोळा डोक्यावरून जातो आहे, थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने येईल, हे फोटोत कुठे दिसतं?

रस्त्यावर पाणी साचलं असेल तर गाडी घाला. वाहतं पाणी पंधरा सेंटिमीटर असलं तरी माणसाचे पाय घसरवतं, तीस सेंटिमीटर असलं तर लहान गाडी तरंगवतं, साठ झालं तर बहुतेक गाड्या ओढून नेतं. पण तुमची गाडी उंच आहे, आणि मागच्याने हॉर्न वाजवलाय.

वादळ गेलं की जनरेटर स्वयंपाकघरात आणा. बाहेर ठेवला तर भिजतो. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे पाहुण्यांना काही कळायचं नाही. खिडक्या बंद ठेवा, डास येतात.

आणि समजा यापैकी काहीच झालं नाही, वादळ शेवटच्या क्षणी वळून समुद्रातच विरलं, तर वेधशाळेला मनसोक्त शिव्या घाला. ‘उगाच घाबरवतात!’ असा संदेश सगळ्या गटांत पाठवा, ज्यांनी घर सोडलं त्यांची टिंगल करा, आणि गच्चीवरचा तो चेंडू जिथे आहे तिथेच राहू द्या. पुढचा कमी दाबाचा पट्टा तयार होतोय म्हणतात, पण त्याचं अजून बारसंही झालेलं नाही.