पन्हाळ्याच्या घाटाला ‘21 गिअर’ लागत नाहीत

थंडी पडायला लागली की कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘भावांनो, सायकल घेताय? आधी हे वाचा!’ अशी त्याची सुरुवात. पुढचे सल्ले थोडक्यात असे: आपल्या खड्ड्यांना रोड बाईक चालत नाही, डबल सस्पेन्शनची जाड टायरवालीच घ्या. पन्हाळा-जोतिबा चढायचा तर किमान 21 गिअर हवेत. सायकल जितकी हलकी तितका घाट सोपा. हवा टाइट ठेवा, पंक्चर होत नाही. सीट इतकी खाली ठेवा की दोन्ही पाय जमिनीला टेकतील, नाहीतर गुडघे जातात. उतारावर पुढचा ब्रेक धरूच नका. चेनला इंजिन ऑइल भरपूर सोडा. पावसाळ्यात सायकल पोत्यात गुंडाळून ठेवा. आणि शेवटी शेपटी: चाळिशीनंतर सायकल नको.

यातले काही सल्ले अर्धवट खरे आहेत, एक धोकादायक आहे. क्रमाने बघू.

डबल सस्पेन्शनपासून, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेल्या सायकलीपासून, सुरुवात. चांगली डबल सस्पेन्शन सायकल असते, पण तिची किंमत लाखाच्या पुढे जाते आणि ती दगडधोंड्यांच्या उतारासाठी बनवलेली असते. पंधरा-वीस हजारांत जी मिळते तिच्या मागच्या शॉकमध्ये नुसती स्प्रिंग असते, ती लॉक होत नाही. प्रत्येक पायडलबरोबर शॉक दबतो, म्हणजे पायातला जोर चाकाला मिळण्याआधी स्प्रिंग त्यातला वाटा घेते. दुकानातच तपासता येतं: सीटवरून उठून उभ्याने चार पायडल मारा, मागचा शॉक खालीवर नाचला तर घाटात तो तसाच नाचणार. वर वजन 17-18 किलो. वर्ष-दोन वर्षांत मागच्या सांध्यातले बुश झिजतात, मागचं चाक डावीकडे-उजवीकडे डुलायला लागतं, आणि तो बुश कुठल्या मापाचा हे दुकानदारालाही ठाऊक नसतं.

रोड बाईक म्हणजे बारीक टायरची, डांबरी रस्त्याची सायकल. तिच्याबद्दलची भीती 23 मिमी रुंद टायरच्या जमान्यातली आहे. आता 28 किंवा 32 मिमीचे टायर बसणाऱ्या फ्रेम सर्रास मिळतात. गगनबावडा, राधानगरी, कागल असा डांबरी प्रवास करणाऱ्याला तेवढं पुरतं. जुन्या रिम ब्रेकच्या फ्रेममध्ये मात्र 25 च्या वर टायर बसेलच असं नाही. घेण्याआधी टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना निदान 4 मिमी फट राहते का ते बघा. मसाई पठार आणि आजूबाजूच्या कच्च्या वाटा हाच शौक असेल तर पुढे 80 ते 100 मिमी दबणारा, लॉक होणारा फोर्क (पुढचा शॉक), मागे काही नाही, अशी हार्डटेल एमटीबी (माउंटन बाईक) घ्या. दोन्ही थोडं थोडं करायचं तर 700×38 टायरची हायब्रिड.

आता गिअर. या मुद्द्यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. 21 म्हणजे पुढच्या 3 चकत्या गुणिले मागच्या 7. घाटात उपयोग होतो तो फक्त सगळ्यात हलक्या गिअरचा, आणि तो किती हलका हे संख्येवरून कळत नाही, दातांवरून कळतं.

नेहमीच्या 21 गिअरवाल्या सायकलला पुढे 42-34-24 आणि मागे 14-16-18-20-22-24-28 दात असतात. पुढे 42 मागे 24 लावलं तर गुणोत्तर 1.75. पुढे 34 मागे 20 लावलं तर 1.70. पुढे 24 मागे 14 लावलं तर 1.71. म्हणजे 21 पैकी हे तीन गिअर जवळजवळ एकच आहेत, आणि अशा जोड्या अजून आहेत. शिवाय 42-28 आणि 24-14 ही टोकं वापरूच नयेत. चेन तिरकी चालते, घासते आणि लवकर झिजते.

घाटाचं गणित असं करायचं: पुढचे दात भागिले मागचे दात, गुणिले चाकाचा परीघ. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाते ते कळतं. 26 इंची चाकाचा परीघ साधारण 2.07 मीटर धरला तर 24-28 वर एका फेऱ्यात 1.77 मीटर. आता वाघबीळपासून पन्हाळ्याकडे चढताना ताशी 7 किमी वेग धरला, आणि नवख्या माणसाला चढावर याहून जास्त धरूही नये, तर मिनिटाला 66 फेरे पडतात. ठीक आहे, निभतं. हल्लीच्या 12 गिअरच्या एमटीबीला पुढे एकच 32 ची चकती आणि मागे 51 पर्यंत दात असतात. 29 इंची चाकावर एका फेऱ्यात 1.43 मीटर, म्हणजे त्याच वेगाला मिनिटाला 81 फेरे. गिअर 12, तरी घाटाला 21 पेक्षा हलके. उलट जुन्या रोड बाईकवर पुढे 39, मागे 25 असेल तर फेऱ्याला 3.3 मीटर, आणि मिनिटाला जेमतेम 35 फेरे. तेवढ्या कमी फेऱ्यांत पाय अडकत-अडकत चालतात, सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो, आणि दोष मात्र घाटाला दिला जातो.

म्हणून दुकानात ‘किती गिअर?’ विचारू नका. ‘पुढची सगळ्यात लहान आणि मागची सगळ्यात मोठी चकती किती दातांची?’ हे विचारा. पन्हाळा-जोतिबासाठी पुढचा आकडा मागच्यापेक्षा लहान हवा, निदान बरोबरीचा.

घरात 21 गिअरची सायकल आधीच असेल तर ती विकायची गरज नाही. मागचं 14-28 चं फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) काढून 14-34 चं बसवा, फेऱ्याला 1.46 मीटर मिळतात. त्याआधी दोन गोष्टी तपासा. डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा मागचा भाग) 34 दातांपर्यंत चालतो का, आणि चेन पुरते का. चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या सर्वात मोठ्या आणि मागच्या सर्वात मोठ्या चकतीवर गुंडाळून बघा. जिथे टोकं जुळतात त्याच्या पुढे दोन कड्या शिल्लक हव्यात. आखूड चेन तशीच ठेवली आणि चुकून मोठ्यावर मोठा गिअर पडला तर डिरेलर मोडतो. शेवटी डिरेलरवरचा ‘एल’ लिहिलेला स्क्रू नीट लावून घ्या. तो सैल राहिला तर सर्वात हलक्या गिअरवर चेन चकतीच्या पलीकडे, तारांमध्ये पडते, आणि हे नेमकं ऐन चढावर, सगळा जोर लावलेला असताना होतं. गिअर चढ सुरू होण्याआधीच उतरवायचा, पायडलवरचा दाब अर्धा क्षण हलका करून. जोर लावून कटाकटा बदलणाऱ्याची चेन तुटते.

हलक्या सायकलीचा मुद्दा दोन ओळींत संपतो. माणूस 70 किलो, सायकल 15. त्यातले 3 किलो कमी केले तर एकूण वजन साडेतीन टक्क्यांनी घटलं. अर्ध्या तासाचा घाट एका मिनिटाने लवकर संपेल. त्यासाठी तीस-चाळीस हजार घालायचे का, हे ज्याच्या त्याच्या खिशाने ठरवावं.

हवेचं उत्तर थोडं उलटं आहे. कमी हवेने पंक्चर होतं हे खरं, पण त्याचा प्रकार वेगळा. खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. बाभळीचा काटा मात्र टाइट टायरमध्येही तसाच घुसतो. आणि टाइट टायर खडबडीत डांबरावर उडतो, पकड कमी होते, हात बधिर होतात. 70 किलोच्या माणसाला साधारण असे आकडे: 25 मिमीला 80 ते 90 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), 28 ला 70 ते 75, 32 ला 55 ते 60, हायब्रिडच्या 38 ला 45 ते 50, एमटीबीच्या 2.2 इंचीला ट्यूबसह 28 ते 32. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा चार-पाच कमी. वजन दहा किलोने जास्त असेल तर चार-पाच वाढवा, टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत राहून. पेट्रोल पंपावरच्या नळीने सायकलला हवा भरू नका. मोटारीच्या टायरसाठीची ती हवा सायकलच्या ट्यूबमध्ये दोन सेकंदांत हद्द ओलांडते.

पंक्चर काढताना भोक कुठे आहे ते बघितलं तर कारण कळतं. बाहेरच्या बाजूला एकच भोक म्हणजे काटा किंवा काच. टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून ती काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. आतल्या, रिमकडच्या बाजूला भोक म्हणजे रिमची पट्टी सरकून तारेचं टोक लागतंय. व्हॉल्वच्या मुळाशी फाटलं असेल तर कमी हवेत ट्यूब टायरसोबत सरकली.

सीट खाली ठेवण्याचा सल्ला गुडघे वाचवत नाही, तोच गुडघे घालवतो. सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार वाकतो आणि त्याच वाकलेल्या अवस्थेत जोर लावावा लागतो. दुखणं वाटीच्या पुढच्या बाजूला येतं. योग्य उंची काढायला टेप आणि भिंत पुरते. अनवाणी पाठ भिंतीला टेकून उभं राहा, एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये सीटसारखं घट्ट वर दाबा, आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्याला 0.883 ने गुणा. 78 सेंमी आलं तर उत्तर 69 सेंमी: क्रँक (पायडलचा दांडा) जिथे फिरतो त्या मधोमधपासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत. पडताळा म्हणून सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल तळाला असताना पाय सरळ व्हायला हवा. म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो. गुडघ्याच्या मागे ओढ लागत असेल, कंबर दोन्हीकडे डोलत असेल तर सीट जास्त वर गेली. बदल एका वेळी 3 ते 5 मिमीच करा आणि दोन-तीन दिवस चालवून बघा.

मग थांबायचं कसं? सीटवर बसूनच पाय टेकायचे नसतात. ब्रेक लावत सीटवरून पुढे सरकायचं आणि फ्रेमच्या आडव्या नळीच्या अलीकडे-पलीकडे पाय टेकून उभं राहायचं. अर्ध्या तासात सवय होते. ‘चाळिशीनंतर सायकल नको’ ही मेसेजातली शेपटी तर सोडूनच द्या. सायकलवर शरीराचं वजन सीट पेलते, म्हणून गुडघे झिजलेल्यांनाही फिजिओथेरपिस्ट स्थिर सायकल चालवायला लावतात. गुडघा सुजलेला असेल, अडकत असेल तर मात्र आधी डॉक्टर.

धोकादायक म्हटला तो सल्ला हा: ‘पुढचा ब्रेक धरूच नका.’ ब्रेक लावला की भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचं चाक हलकं पडतं. हलकं चाक लगेच घसरतं, म्हणून एकट्या मागच्या ब्रेकची ताकद मुळातच तोकडी. पन्हाळ्यावरून ताशी 40 च्या वेगाने येताना, 6 टक्के उतारावर, कोरड्या डांबरावर, नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला 30 मीटरहून जास्त लागतात. दोन्ही ब्रेक नीट वापरले तर 15 मीटरच्या आत. समोर वळणावर वळवून घेणारी एसटी असेल तर हा फरक किती मोठा ते सांगायला नको.

पलटी होते ती पुढचा ब्रेक झटक्याने, हात भक्कम नसताना दाबल्यामुळे. कंबर सीटच्या मागे सरकवा, कोपर किंचित वाकवून हात भक्कम ठेवा, पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबा, मागचा सोबतीला. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. खडी, ओला पांढरा पट्टा, गळीत हंगामात ट्रॉल्यांमधून पडलेला उसाचा पाला यांवरून जाताना पुढचा ब्रेक सोडा, कारण तिथे पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळ मिळत नाही. मेसेजातलं अर्धं सत्य एवढंच.

उतारभर ब्रेक घासत येऊ नका. रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेक असेल तर पॅड तापून पकड ढिली होते. दाबा, सोडा, दाबा. निघण्याआधी कोणत्या हाताला पुढचा ब्रेक आहे ते तपासा, दुकानागणिक जोडणी बदलते. लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल ओढून घ्या. डिस्कवर तेलाचा एक फवारा गेला तरी पॅड बाद होतो, आणि चेनवर स्प्रे मारताना नेमकं हेच होतं.

आणि चेनवर इंजिन ऑइल? ते घट्ट, चिकट. जांभ्याची लाल धूळ त्यात बसली की चेन पॉलिश पेपरसारखी चकत्या कातते. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने चेन पुसा, पूर्ण वाळू द्या. सायकलच्या चेनचं तेल प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडा, पायडल उलटं वीस-तीस वेळा फिरवा, दहा मिनिटं थांबा, मग बाहेरचं तेल कोरडं पुसून टाका. तेल आतल्या पिनांना हवं, बाहेर नाही. नव्या चेनमधल्या कड्यांच्या 12 जोड्या बरोबर 12 इंच भरतात. स्टीलच्या पट्टीने मोजून दीड मिमी जास्त आलं तर 11-12 गिअरची चेन बदला. 7-8 गिअरला सव्वादोन मिमीपर्यंत चालतं. त्यापुढे ताणलं तर चेनसोबत मागच्या चकत्याही बदलाव्या लागतात, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन उड्या मारते.

पावसाळ्यात सायकल बांधून ठेवायची की नाही हे मातीवर ठरतं. नदीकाठच्या काळ्या मातीत कुठलीच सायकल नेऊ नका, जाड टायरची तर नाहीच. दहा-वीस मीटरांत चिखल फ्रेममध्ये गच्च बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. मसाईच्या जांभ्यावरून पाणी लवकर ओसरतं, तिथे चालवता येते, फक्त शेवाळाच्या काळपट पट्ट्या टाळा. डांबरावर मडगार्ड आणि मागे लाल दिवा लावून, चाकाचे पहिले दोन-तीन फेरे ओल्या रिमला ब्रेक लागत नाही हे गृहीत धरून खुशाल जा. घाटातला धुक्याचा दिवस मात्र सोडा. परत आल्यावर बादली आणि फडकं. वॉशिंग सेंटरचा फवारा बेअरिंगवर नको. सीटपोस्ट (सीटचा दांडा) काढून सायकल उलटी करा, नळीतलं पाणी निथळू द्या. अल्युमिनियमच्या पोस्टला ग्रीसचा पातळ हात फिरवून तो परत घाला. ग्रीस नसेल तर दिवाळीला सीट वर करायला जाल तेव्हा तो पोस्ट फ्रेममध्येच धरून बसलेला असेल.